हरवलेल्या अठ्ठ्याऐंशी जणी

पारख चुकत नाही, असं २०४१ साली मिरजेच्या दवाखान्यांतून सर्रास बोललं जायचं. गाठीवरून कॅन्सरचं भविष्य सांगणाऱ्या या यंत्रणेच्या शब्दावर वेळीच उपचार होऊन वाचलेली माणसं गावात इतकी होती, की हे बोलणं खोडून काढायची कुणाची छाती नव्हती. म्हणून तर डॉ. फरीदा मुजावरांनी संगणकाचा पडदा शर्वरीकडं वळवून त्यावरचा चौतीस हा आकडा दाखवला, तेव्हा ती एकदम गप्प झाली. एरवी शर्वरी पोतदार गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. बायकांना स्कूटर शिकवायचा तिचा क्लास होता, आणि साठी उलटलेल्या काकवांनाही ती मैदानात असा काही आवाज द्यायची, की ब्रेक आपोआप लागायचा.

तीन आठवड्यांपूर्वी क्लास चालू असतानाच तिच्या पोटात कळ आली होती. उजव्या अंडाशयात गाठ होती आणि ती फुटली होती. तातडीनं ऑपरेशन करून गाठीसकट ते अंडाशय काढलं. पंचविसाव्या वर्षी, साखरपुडा झालेला, लग्न तीन महिन्यांवर आलेलं, आणि हे मध्येच उपटलं.

"चौतीस म्हणजे काय, मॅडम?"

"तुझ्यासारख्या शंभर मुली घेतल्या, तर पाच वर्षांनी त्यातल्या चौतीस असतील," मुजावर म्हणाल्या. त्या गाठी तपासणाऱ्या डॉक्टर. पेशंटशी गोड बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि खोटं बोलायची त्याहून नव्हती. "दुसरं अंडाशय आणि गर्भपिशवी काढली, वर केमो दिली, तर अठ्ठावन्न."

"म्हणजे मूल नाही."

"नाही. पण तू असशील."

पारखचं काम तसं समजायला सोपं. काढलेल्या गाठीचा केसाहून पातळ काप काचेवर घेऊन रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, हे दीडशे वर्षं चालत आलेलं. माणसाच्या डोळ्याला त्यात पेशींचे आकार दिसतात. पारख त्याच कापातल्या लाखो पेशींची दाटी, एकमेकींपासूनची अंतरं, आतल्या केंद्रकांची ठेवण, असं सगळं मोजायची आणि अशाच ठेवणीच्या जुन्या पेशंटांचं पुढं काय झालं ते ताडून आकडा सांगायची. तोंडाच्या, स्तनाच्या कॅन्सरचे लाखो पेशंट तिच्या ओळखीचे होते. घोडं अडायचं ते दुर्मीळ गाठींपाशी. शर्वरीला झालेली ग्रॅन्युलोसा पेशींची गाठ अंडाशयाच्या शंभर कॅन्सरांत दोन-चारच सापडते, आणि इतक्या कोवळ्या वयात तर त्याहून विरळा. एवढ्या थोड्यांवरून यंत्र काय कपाळ शिकणार?

म्हणून मुजावरांनी युक्ती केली होती. पारखला आधी नेहमीच्या कॅन्सरांच्या गर्दीत तयार केलं. मग महाराष्ट्र-कर्नाटकातल्या दवाखान्यांनी वर्षानुवर्षं मेणाच्या वड्यांत जपलेल्या दुर्मीळ गाठी तिच्यापुढं ठेवल्या. तिनं त्यांचे सहा प्रकार पाडले. कुठल्या तज्ज्ञाला ते आजवर दिसले नव्हते. पाच प्रकारांबद्दल ती जे म्हणाली ते खरं ठरलं. सहावा प्रकार फक्त पंचविशीच्या आतल्या मुलींना होणारा. जुन्या पुस्तकांत कोवळ्या वयातल्या अशा गाठींना सरसकट सौम्य म्हटलं होतं. पारखनं हा प्रकार सगळ्यांत घातकी ठरवला. शर्वरीची गाठ नेमकी तीच होती.

"काढून टाक सगळं," बाहेर बाकावर बसलेली आई म्हणाली. तिनं पदरानं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "जीव वाचला की झालं. बाकीचं बघू."

पुढच्या सोमवारची तारीख ठरली.

*

होणाऱ्या नवऱ्याला, मिहिर टंकसाळीला, शर्वरीनं सगळं सांगितलं होतं. "मला तू हवीस," एवढं तो म्हणाला होता आणि मग दोन दिवस नीट जेवला नव्हता. लक्ष्मी मार्केटमागं त्यांचं सोन्याचांदीचं दुकान. दुकानात शब्द चालायचा तो त्याच्या आईचा, नंदिनीकाकूंचा. गाठ निघाली एवढंच काकूंना माहीत होतं. सोमवारचं त्यांना कसं सांगायचं, या विचारात शर्वरी टंकसाळींच्या घरी चहाचा कप घेऊन बसली होती, आणि काकू आपल्याच हौसेत होत्या.

"तांदळात नाव कुठलं लिहायचं, ठरवलंत का दोघांनी?"

"आहे तेच राहू दे की, काकू."

"कागदावर राहू दे गं. पण ताम्हणात तांदूळ पसरून मिहिरनं अंगठीनं नवीन नाव लिहायला पाहिजे. आमच्यात आहे ते. मी माहेरची सुषमा वेर्णेकर, इथं आले आणि नंदिनी टंकसाळी झाले. तेव्हा तर रेशनकार्डापासून बँकेपर्यंत सगळीकडं बदलायचे. आता रस्त्यात कुणी सुषमा म्हणून हाक मारली, तर मी वळून बघायची नाही!" काकू हसल्या आणि मग आवाज उतरवून म्हणाल्या, "आणि हे बघ, ते गाठीचं कुणापाशी काढू नकोस. लग्नाच्या मुलीचं पोटाचं ऑपरेशन म्हटलं की लोक वाट्टेल ते बोलतात. आमच्या वेळी असलं काही झालं तर सासरी पत्ताच लागू द्यायचे नाहीत."

शर्वरीचा कप तोंडापाशी जाता जाता थांबला. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि चहा तसाच ठेवून ती उठली. मिहिर "अगं काय झालं?" म्हणत दारापर्यंत आला, तोवर तिची स्कूटर कोपऱ्यावरून वळली होती.

*

"सहाव्या प्रकारातल्या मुली किती, मॅडम?" मुजावरांच्या टेबलापुढं उभ्याउभ्याच तिनं विचारलं.

"एकशेवीस."

"त्यातल्या किती गेल्या हे नक्की ठाऊक आहे?"

"बत्तीसजणी तपासणीला येत राहिल्या. त्यातल्या चौदा गेल्या, अठरा आहेत."

"आणि अठ्ठ्याऐंशी?"

"संपर्क तुटला."

"मग पारख त्यांना कशात धरते?"

मुजावरांनी पडद्यावर जुन्या नोंदी उघडल्या. "नेहमीच्या कॅन्सरांत पेशंट यायचा बंद झाला, की बहुतेक वेळा तो गेलेला असतो," त्या सावकाश म्हणाल्या. "आम्ही हजारो घरी चौकशी करून खात्री केली होती. पारख ते शिकली. तीच शिकवण घेऊन ती दुर्मीळ गाठींकडं आली."

"साठीचा म्हातारा यायचा बंद झाला तर गेला असेल, मॅडम. अठरा-वीस वर्षांची पोरगी यायची बंद झाली, तर तिचं लग्न झालेलं असतं! नाव बदललं, आडनाव बदललं, गाव बदललं. सासरी ऑपरेशनचं बोलायची चोरी. ती बरी असेल तर तुमच्याकडं कशाला येईल? येणार कोण? जिची गाठ उलटली ती. तिला लपवून चालतच नाही." शर्वरीचा आवाज मैदानात चढायचा तसा चढला. "नांदत्या बायका मेलेल्यांत धरल्यात तुम्ही!"

दुसऱ्या कुणी असं सुनावलं असतं, तर मुजावरांनी दार दाखवलं असतं. पण त्या उठल्या, खिडकीशी गेल्या आणि परत आल्या. "ह्या सगळ्या नोंदी आधार कार्डाच्या आधीच्या," त्या म्हणाल्या. "नावाशिवाय दुसरी खूण नाही. आमच्यात लग्नात नाव बदलत नाहीत गं. माझी आई शमीम म्हणून जन्मली आणि शमीम म्हणूनच गेली. मला सुचलंच नाही."

त्यांनी पारखला सांगितलं, की या अठ्ठ्याऐंशी जणींबद्दल काहीच धरून चालू नकोस. पडद्यावरचा चौतीस पुसला गेला. त्याजागी अक्षरं आली: सांगता येत नाही.

शर्वरीचा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण तसं झालं नाही. वाईट आकडा निदान आकडा तरी होता. आता पायाखाली काहीच नव्हतं. त्या बायका खरंच जिवंत असतील तर सोमवारचं ऑपरेशन फुकटचं. नसतील तर ते टाळणं म्हणजे हातानं मरण ओढवून घेणं.

"शोधता येतील त्या?"

मुजावर आता पुरत्या जाग्या झाल्या होत्या. मेणाच्या वड्यांत त्या मुलींचं मांस होतं, आणि मांसात जनुकांची ती सही होती, जी कुठल्याच लग्नात बदलत नाही. एखादीनं नळीत थुंकी दिली, तर पारख ती सही वडीशी जुळवून सांगू शकत होती, की ही तीच. नाव विचारायची गरज नव्हती, पत्ता नको होता. गाठ परत आली का, एवढा एकच प्रश्न.

"पण एक गोष्ट ध्यानात घे," त्या म्हणाल्या. "मेलेल्या बायका काही हाकेला ओ देणार नाहीत. जिवंत आहेत त्याच येतील, आणि तेवढ्यांवरून हिशेब केला तर मी उलट्या बाजूनं फसेन. म्हणून ज्या सापडणार नाहीत त्या सगळ्या गेल्या, असंच मी धरणार. तसं धरूनसुद्धा आकडा साठावर गेला, तरच मी ट्यूमर बोर्डाच्या, म्हणजे उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरांपुढं तुझ्या बाजूनं उभी राहीन. त्याला त्या अठराजणींवर आणखी चोपन्न बायका लागतील. महिनाभर थांबवू शकते मी ऑपरेशन. त्यापुढं नाही."

"पण त्यांना हाक कोण मारणार? दवाखान्याचा फोन सासरी गेला तर त्यांचं घर उठेल."

"तेच तर," मुजावर म्हणाल्या आणि तिच्याकडं बघत राहिल्या.

*

"सगळ्यांसमोर व्हिडिओ करून सांगायचं, ते लग्नानंतर केलं तर?" मिहिर म्हणाला.

"लग्नानंतर माझ्या पोटात काय शिल्लक असेल मिहिर?"

आई काय म्हणेल, नातेवाईक काय म्हणतील, दुकानात येणारी-जाणारी काय म्हणतील, हे सगळं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं, आणि शर्वरीला त्याचा रागही आला आणि कीवही. "तू नको म्हणालास तरी मी करणार आहे," ती म्हणाली. "आणि मग तुला हे लग्न मोडायचं असेल तर मोड. मी रडेन, पण थांबणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मैदानात स्कूटरला टेकून उभी राहिली. क्लासच्या बायका भोवती जमल्या होत्या. मोबाइल कुणाच्या हातात द्यावा, म्हणून तिनं मान वळवली तर समोर मिहिर. काही न बोलता त्यानं तो हातात घेतला. चित्र नीट आलं.

"मी शर्वरी पोतदार, मिरज," ती म्हणाली. "मला अंडाशयाचा कॅन्सर झालाय. लग्न ठरलंय, तरी चारचौघांत सांगतीय, कारण मला काही बायका शोधायच्यात. लग्नाआधी तुमच्या पोटातनं अशी गाठ काढली असेल, आणि तुम्ही ते आजवर लपवलं असेल, तर तुमचं काही चुकलं नाही. मला तुमचं नाव नको. तुम्ही आहात, एवढंच मला कळू द्या. तुम्ही जगलात हे कळलं, तर मीसुद्धा जगेन, आणि माझ्यामागनं येणाऱ्या पोरीसुद्धा."

क्लासच्या बायकांनी तो व्हिडिओ असा काही पुढं ढकलला, की दुपारपर्यंत तो निपाणी, बेळगाव, सोलापूर करत पार दुबईला पोचला. मग व्हायचं ते झालं. कुणी देवी म्हणालं, कुणी निर्लज्ज. काकूंनी मिहिरशी बोलणं टाकलं आणि दुकानात येणाऱ्यांना "हो, तीच" एवढंच सांगून त्या तराजूकडं वळायच्या. आठ दिवसांत दवाखान्यात येऊन एकवीसजणींनी नळीत थुंकी दिली. त्यातल्या एकोणीस जुळल्या. मुजावर पहिल्या जुळणीला चक्क टाळी वाजवून उठल्या होत्या. पण नंतर ओघ आटला. फोन यायचे, हलक्या आवाजातले, आणि सगळ्या एकच म्हणायच्या: ताई, यायचंय गं, पण कॅन्सरच्या दवाखान्यात कशाला चाललीस म्हणून घरी विचारलं तर काय सांगू?

एकोणिसावर गाडी रुतून बसली. शर्वरीनं हातपाय गाळले नाहीत असं म्हणणं खोटं होईल. त्या आठवड्यात तिनं क्लाससुद्धा बंद ठेवला.

आणि अशात एका दुपारी नंदिनीकाकू पोतदारांच्या दारात उभ्या राहिल्या. शर्वरीला वाटलं, आता साखरपुड्याची अंगठी परत मागणार. तिनं आधीच बोटातून काढायला घेतली.

"घाल ती," काकू म्हणाल्या आणि पाटावर बसाव्या तशा ऐसपैस बसल्या. "गर्भपिशवीचं मला का नाही सांगितलंस? मिहिरनं काल सांगितलं. रात्रभर डोळा लागला नाही मला. बोलू नकोस म्हणून मीच बजावलं होतं ना तुला? आणि मी तशी बजावते, म्हणूनच त्या बायका गप्प आहेत." त्यांनी पदर सावरला. "आता ऐक. बाईमाणूस कुणाला न सांगता कुठं जातं? सोनाराकडं. मंगळसूत्राला पॉलिश करायचं, बाळीच्या फिरकीचं मळसूत्र गेलंय, पैंजणाची कडी तुटलीय. घरात कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. माझा भाऊ निपाणीला, नणंद बेळगावला, आतेबहीण सोलापूरला. आमच्यातली माणसं बाजारपेठ असलेल्या गावागावांत बसलीत. तुझ्या मॅडमना म्हणावं, नळ्या पाठवा. आतल्या खोलीत घेतो आम्ही."

शर्वरीनं त्यांना मिठी मारली, आणि काकू "अगं, साडी चुरगळेल" म्हणाल्या तरी सोडलं नाही.

*

दुसऱ्या व्हिडिओत शर्वरीनं एवढंच सांगितलं, की मंगळसूत्राला पॉलिश करून घ्या, आणि दुकानांची नावं दिली.

बायका आल्या. कुणी एकटी आली, कुणी जावेला बाहेर बसवून आली. टंकसाळींच्या दुकानात शिरोळहून एक साठीची बाई आली, तेव्हा शर्वरी आतल्या खोलीतच होती. नवरा बाहेर बाकावर पेपर वाचत बसलेला. बाईनं नळी परत दिली आणि शर्वरीचा गाल कुरवाळला.

"चाळीस वर्सं झाली, बाळ. माझ्या आईनं शपथ घातलेली, कुणाला सांगू नगंस म्हणून. तीन पोरं झाली मला, सा नातवंडं हैत. दर बाळंतपणाला वाटायचं, आता मरतोय. कुणाला सांगायची सोय न्हाई. तू त्या मोबाइलवर बोललीस, आनि मी न्हाणीघरात जाऊन रडलो बघ पोटभर."

"आता घरी सांगणार, आजी?"

"सांगतो की. आज वाटंतच सांगतो म्हाताऱ्याला. बघू काय करतोय."

शर्वरीला हसूही आलं आणि रडूही. अशा किती आयुष्यांवर पारखनं काट मारली होती, आणि त्या आयुष्यांत केवढी नातवंडं खेळत होती! सगळंच काही गोड नव्हतं. पाचजणींच्या बहिणी किंवा मुली आल्या आणि आमची गेली म्हणून सांगून गेल्या. त्यांच्याही थुंकीवरून सही ताडून मुजावरांनी त्या पाच नोंदी निमूटपणे बंद केल्या. पण आकडा पळत होता. चाळीस झाले, पन्नास झाले. चोपन्नावी जुळली तेव्हा काकूंनी गिऱ्हाइकांसकट सगळ्या दुकानाला पेढे वाटले आणि कशाचे म्हणून विचारणाऱ्यांना खणखणीत आवाजात कारणही सांगितलं.

बोर्डाच्या दिवशी शर्वरी, तिची आई, मिहिर आणि काकू दवाखान्याच्या व्हरांड्यात बसले होते. आत बराच वेळ वरच्या पट्टीतले आवाज चालले होते. मग दार उघडलं आणि मुजावर बाहेर आल्या. एवढ्या वर्षांत त्यांना असं हसताना दवाखान्यात कुणी पाहिलं नव्हतं.

"हरवलेल्यांतल्या सदुसष्ट जिवंत, आधीच्या अठरा धरून पंच्याऐंशी," त्या म्हणाल्या. "बाकीच्या सगळ्या गेल्या असं धरलं, तरी शंभरात एकाहत्तर. आणि माझं मत विचारशील तर खरा आकडा ब्याऐंशीच्या खाली नाही. त्या सदुसष्टांतल्या एकीचंही दुसरं अंडाशय कुणी काढलं नव्हतं. ऑपरेशन रद्द. दरवर्षी रक्त तपासायला यायचं. गाठ परत येणारच नाही असं मी म्हणणार नाही. पण पुस्तकं बरोबर होती, शर्वरी. चूक माझी होती, आणि ती तू काढलीस. सहावा प्रकार आजपासून घातकी नाही. आत्ता या क्षणाला सोलापुरात आणि हुबळीत अशाच दोन मुली ऑपरेशनची वाट बघतायत. त्यांचीही रद्द होतायत."

शर्वरीची आई मोठ्यानं रडायला लागली. मिहिरनं भर व्हरांड्यात शर्वरीला उचलून घेतलं, आणि "अरे, पोट सांभाळ तिचं!" म्हणून मुजावर ओरडल्या तेव्हा कुठं खाली ठेवलं. शर्वरीला वाटलं, आत्ता स्कूटर काढावी आणि गावभर हॉर्न वाजवत फिरावं. ती जगणार होती, आणि अख्खी जगणार होती.

एवढ्यात काकूंचा फोन वाजला. निपाणीच्या भावाला बातमी कळली होती, आणि आता नळ्या परत पाठवून देऊ का म्हणून तो विचारत होता.

"परत कशाला पाठवतोस?" काकू अशा कडाडल्या, की व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. "आमच्या सुनेचं झालं म्हणून काय झालं? अजून सोळाजणी राहिल्यात. दुकान उघडं ठेव!"